नखभर खाच

नाही, तसं नाही म्हणालो मी साहेब — बसा हो, त्या पोत्यावर बसा, झटकून ठेवलंय, धोतराला काही लागायचं नाही — मी म्हणालो ते एवढंच, की जालमसिंग ड्रायव्हरला सगळं शहादं ओळखतं, मग मी ओळखतो यात नवल काय? मोटारी या लिंबाखालीच लागतात आणि मीही या लिंबाखालीच बसतो, बारा वर्षं झाली. ओळख होणारच. तुम्ही धुळ्याचे, त्याच्या वकिलाचे कारकून, सकाळपासून पेठेत दुकान न् दुकान विचारत फिरताय की जालमसिंगच्या टायरला खाचा कुणी पाडल्या — हे तुम्ही इथं पोचायच्या आधीच मला कळलं होतं. शहादं केवढं ते? आणि चपलेचा अंगठा नेमका माझ्यासमोर येऊन तुटला तुमचा. असो, तुटतो कधीकधी. आणा इकडे. टाके घालेपर्यंत बसावंच लागेल, अनवाणी कुठं जाणार या उन्हात — तोवर विचारा काय विचारायचं ते. पण माझ्याकडे काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बोली? हो, सगळेच विचारतात. मोची माणूस आणि बोलतो मास्तरासारखा. पुण्याला होतो ना सात वर्षं, पलटणीचे बूट शिवायच्या कारखान्यात, तिथं जीभ वळली. घरी आपली अहिराणीच. आमच्या मंडळींना, कालीबाईला, हे माझं पुस्तकी बोलणं आवडत नाही. म्हणते, तुम्ही असं बोलायला लागलात की काहीतरी लपवताय हे मला कळतं. बायका काय, काहीही म्हणतात.

तर जमादार. भिकन जमादार, सडकेवरच्या नाक्याचा पोलीस, माणूस वाईट नव्हता, हे पहिलं लिहून घ्या — लिहू नका, नुसतं ऐका, ते पेन खिशात ठेवा बरं. प्रकाशाला सडक तापीच्या पात्रात उतरते ना, त्या उताराच्या तोंडाशी त्याची खाट असायची. लढाई लागली, जपान्यानं रबराचा मुलूख घेतला, आणि इकडे आमच्या सर्विस मोटारींचे टायर घासून घासून गोटा व्हायला लागले. नवा हवा तर धुळ्याला अर्ज करा. अर्जाला उत्तर नाही, आणि आलंच तर काय — टायर पलटणीला लागतात, थांबा. पेट्रोलही नाही, म्हणून मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवली, तिच्या धुरावर मोटार चालायची. ती भट्टी केवढी जड, तिचा भार कुणावर? टायरवरच की. आणि वरून हुकूम काय निघाला? गोटा टायरची मोटार सडकेवर दिसता कामा नये. म्हणजे नवा द्यायचा नाही आणि जुना चालू द्यायचा नाही. आता हा हुकूम राबवायचा कुणी, तर भिकन जमादारानं, एकट्यानं, खाटेवर बसून. त्यानं आपली एक रीत काढली. मोटार आली की खाली उतरायला लावायचा ड्रायव्हरला, स्वतः टायरपाशी उकिडवा बसायचा आणि अंगठ्याचं नख टायरच्या खाचेत घालायचा. नख बुडालं तर जा. नाही बुडालं तर लायसनवर शेरा. असे तीन शेरे झाले की लायसन धुळ्याला गेलंच म्हणून समजा, परत यायचं नाही. हे कुठल्या कागदात लिहिलं होतं देव जाणे, पण प्रकाशाच्या उतारावर जमादाराचं नख हाच कायदा होता.

खाणारा असता तर बरं झालं असतं हो. दुसरीकडे असतात तसे. हा सुपारीचं खांड घ्यायचा नाही कुणाचं. ड्रायव्हर लोकांना अशा माणसाशी वागायची सवयच नव्हती, त्यांना कळेना याच्याशी बोलायचं काय. मग भांडण. रोज भांडण. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण, तर आमचा जालमसिंग. इंदरमल शेठजींची मोटार हाकायचा तो, शहादा-नंदुरबार, चौदा वर्षं एकच मोटार. गिरासे रजपूत माणूस, मिशी अशी, आवाज नदीच्या पल्याड जायचा. जमादारानं नख घातलं की हा मागे उभा राहून विचारायचा, "जमादार, टायर काय मी वावरमा पेरस का? उगना का कापी लयसू?" उतारू हसायचे. जमादार हसायचा नाही, रागवायचाही नाही, शांतपणे लिहायचा. तेच जालमसिंगला जास्त झोंबायचं. आणि त्यात नदीची वेगळी भानगड. पात्रात रेती, मोटार रुतू नये म्हणून ड्रायव्हर अल्याड टायरमधली हवा काढतात आणि पल्याड जाऊन पंपानं भरतात, ही इथली जुनी पद्धत. पण नंदुरबारकडून येणारी मोटार पात्रातून वर चढली की समोर जमादार. टायर पोटाखाली दबलेला, हवा भरायची अजून बाकी, आणि हा म्हणणार, टायर बसलाय, शेरा. जालमसिंगला पहिला शेरा असाच मिळाला. हवा भरू द्या, मग बघा, म्हणून तो गळा फाडून सांगतोय, आणि जमादार म्हणतो, मी बघतो तेव्हा जसा आहे तसा लिहितो. आता यात खरं कोण? दोघंही खरे. म्हणून तर मिटेना.

दुसरा शेरा संपाचा. माघात सगळ्या ड्रायव्हरांनी ठरवलं, मोटारी उतारावर आडव्या लावायच्या आणि बसून राहायचं. सहा मोटारी. जालमसिंग पुढे. सकाळी मोठी मजा वाटली, म्हणे. जमादार खाटेवर, हे सडकेवर, कुणी कुणाशी बोलेना. दुपार झाली तशी उतारू वैतागले — कुणाला कोर्टात जायचं, कुणाचं पोर तापानं फणफणलेलं — आणि ते शिव्या द्यायला लागले कुणाला? जमादाराला नाही हो, ड्रायव्हरांनाच. तुमच्या टायरांपायी आम्ही का मरायचं. दिवस कलायच्या आत सहाच्या सहा मोटारी हलल्या, आणि हलताना जमादारानं सहाही लायसनांवर एकेक शेरा मारला. जालमसिंगचे दोन झाले. आता एक राहिला. एक नख. लायसन गेलं तर जालमसिंग काय करणार होता? जमीन भावाच्या नावावर, हातात दुसरी कला नाही, आणि चौदा वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला सालदार म्हणून कोण ठेवतो? याच लिंबाखाली बसला होता तो त्या संध्याकाळी, तुम्ही बसलात तिथंच जवळजवळ, आणि सारखा अंगठ्याच्या नखाकडे बघत होता. स्वतःच्या.

मग खाचा पाडल्या. कुणीतरी पाडल्या. आता टायर म्हणजे तरी काय, रबराचं कातडंच. गोटा झाला तरी वर बोटभर जाडी उरते. कातडं कापायच्या चांगल्या रापीनं, गरम करून, साबणाचं पाणी लावत लावत मूळच्या नक्षीवरून हात फिरवला तर खाच पुन्हा उठते, अगदी कारखान्यातून आल्यासारखी, नख सहज बुडतं — रापी तिरपी धरायची, सरळ धरली तर कडा फाटतात, आणि मनगट हलवायचं नाही, कोपरातून ओढायचं. हे सगळ्यांना जमत नाही. पुण्याच्या कारखान्यात बुटाच्या तळव्याला चर पाडायचो आम्ही, त्यात टाका बसवायला, तोच हात —

हं. काय म्हणत होतो? नाही, थांबा, उगाच मान हलवू नका. रापी काय माझ्या एकट्याकडेच असते? बरं. बरं, असू द्या. पाडल्या. मी पाडल्या. चारी टायरांना, फाल्गुनात, या इथं पडदा लावून, दोन दिवस बसून. शेठजींना माहीत होतं का? शेठजींनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, मोठ्या माणसांचं असंच असतं. जालमसिंगनंच येऊन सांगितलं होतं, काय करता येईल बघ. आणि साहेब, त्या दिवशी प्रकाशाला मी मुद्दाम मोटारीतून गेलो, बघायला. जमादार उकिडवा बसला. नख घातलं. बुडालं. दुसऱ्या खाचेत घातलं. बुडालं. वर बघितलं जालमसिंगकडे, आणि पहिल्यांदा त्या माणसाच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं. म्हणाला, बघा, हे तुम्ही आधीच केलं असतं तर एवढी कटकट झाली असती का? त्याला वाटलं अर्ज मंजूर झाला, नवे टायर आले. फसला, म्हणून आम्ही नंदुरबारपर्यंत हसलो. आज आठवलं की मला त्याचा तो चेहराच दिसतो, की याला शेरा लिहावा लागला नाही याचा आनंद झाला होता.

आता तुम्ही म्हणाल एकदा केलं, ठीक, मग पुन्हा कशाला? सांगतो. तुम्ही धुळ्याचे, तुम्हाला नाही कळायचं — का कळेल? बघा कळतं का. तो समोर हॉटेलवाला दिसतो ना, त्याच्याकडे आम्हा लोकांची बशी वेगळी, काठ फुटलेली, बाहेर फळीवर ठेवलेली. आपली आपण काढायची, त्यानं वरून चहा ओतायचा, पिऊन झालं की आपणच धुऊन पुन्हा तिथं ठेवायची. बारा वर्षं मी तसाच प्यायलो, मला त्यात काही वाटायचंही नाही. त्या दिवशी नंदुरबारहून परत आलो आणि जालमसिंगनं मला दंडाला धरून आत नेलं, बाकावर बसवलं आपल्या शेजारी, आणि हॉटेलवाल्याला म्हणाला, "मिस्तरीले कपमा चहा दे." नथू मोची नाही, मिस्तरी. हॉटेलवाला बघतच राहिला. जालमसिंगची मिशी बघितली आणि दिला. कपात. मग दुसरे ड्रायव्हर आले, त्यांचेही टायर केले मी, तेही मिस्त्री म्हणायला लागले, मग हमाल म्हणायला लागले, मग एकदा शेठजींच्या दुकानातून निरोप आला की मिस्त्रीला बोलवा. चाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा माणसं माझ्याकडे येताना हसत यायची. कालीबाईला म्हणालो मी, बघ. ती काय म्हणाली? म्हणाली, पायताणं शिवा, बरी असतात, तुटली तर माणूस मरत नाही.

म्हणून पुन्हा. चैत्र संपता संपता पहिल्या खाचा झिजल्या. जालमसिंग स्वतः आला आणि म्हणाला बस आता, मिस्तरी, रबर उरलं नाही, मी शेठजींना सांगतो मोटार उभी करा अर्ज मंजूर होईपर्यंत, दोन महिने गावी जाऊन बसतो, लायसन तरी वाचेल. शहाणपणाचं बोलला होता हो. मोटार उभी राहिली असती, बाकीच्यांच्याही राहिल्या असत्या, आणि जमादाराचं नखही थांबलं असतं. मग मिस्त्रीचं काय काम होतं? मी टायरवर अंगठा दाबला, असा, कातडं दाबतात तसा, आणि म्हणालो, अजून एक हात बसतो यात. मांस आहे. कातड्यात मला बोटानं कळतं किती उरलंय, कधी चुकलो नाही. तो म्हणाला, नक्की? मी म्हणालो, माझ्यावर सोड. आणि त्यानं सोडलं, साहेब. चौदा वर्षं मोटार हाकणारा माणूस, इंजिनाचा आवाज ऐकून सांगायचा कुठला नट सैल आहे, त्यानं माझ्या अंगठ्यावर सोडलं.

आता पुढचं तुमच्या कागदात आहेच. वैशाख सरतानाचा सोमवार, प्रकाशाला देवाची गर्दी. जमादाराला नंदुरबारला जायचं होतं, मुलीच्या सोयरिकीसाठी, रजा काढली होती. त्याच्यासमोरून दोन मोटारी गेल्या, त्यानं सोडल्या. का? तिथल्या फुलवालीनं सांगितलं मला, तो म्हणाला म्हणे, जालमसिंगचे टायर माझ्या नखाखालचे आहेत, मी त्याच मोटारीनं जातो. जालमसिंगची मोटार आली. रजेवर असूनही जमादारानं खाली बसून नख घातलं, सवयच ती, आणि मग पुढे ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला. दोघं बोलत होते, म्हणे, उतारावर. दोन वर्षं भांडले ते, त्या दिवशी सोयरिकीचं बोलत होते, मुलगा काय करतो, घर कसं आहे. अर्ध्या उतारावर पुढचा डावा टायर फुटला. मोटार नाल्यात गेली. जमादार जागच्या जागी. आणि मागे बसलेली जसोदाबाई, काठच्या गावातली गुजराची बाई, लेकीच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन निघालेली, ती रात्रीपर्यंत होती मग गेली. जालमसिंगच्या तीन बरगड्या. बाकी सगळे वाचले. माणसं नाल्यातून लाडू वेचत होती आणि कुणाचे आहेत ते कुणाला माहीत नव्हतं.

मी गेलो होतो त्याला भेटायला. इथं कचेरीच्या मागं कोठडीत ठेवलं होतं आधी, धुळ्याला न्यायच्या अगोदर. छातीला पट्टी, मिशी पडलेली. मला वाटलं शिव्या देईल, मी तयारीनं गेलो होतो शिव्या खायच्या. त्यानं गजांजवळ बोलावलं, हळू बोलला, पहिल्यांदाच ऐकलं मी त्याला हळू बोलताना. म्हणाला, "तुन्हं नाव मी लेणार नही, मिस्तरी. खाचा मीच पाड्यात असं सांगस." मग म्हणाला, "फक्त एक सांग. खरं सांग. रापी कापडले लागनी व्हती का?" रबराच्या खाली कापड असतं ना टायरमध्ये, सुताचे थर, त्यावरच सगळा जोर. रबर गेलं तर टायर झिजतो, कापड कापलं तर टायर मरतो, हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत. त्याला एवढंच हवं होतं. कापडाला लागली असेल तर मोटार आपण नाही पाडली, एवढंच, स्वतःच्या मनासाठी, कोर्टासाठी नाही. दोन माणसं मारली ती कुणी, आपण का दुसऱ्या कुणी.

मी म्हणालो, नाही लागली.

त्यानं छातीवरची पट्टी चाचपली. मग म्हणाला, मंग मीच जास्ती पळाडी असेल. उतारले बोलनामा ध्यान गयं असेल. आणि मान खाली घातली. तिथून मी निघालो तो थेट घरी.

त्याची बायको सिंधुबाई येते अधूनमधून. या पोत्यावरच बसते. तिला वाटतं मी त्याचा दोस्त, कोर्टात त्याच्या बाजूनं चार शब्द बोलीन, की माणूस सावकाश हाकणारा आहे. ती म्हणते, ते जेवत नाहीत, म्हणतात माझ्या हातानं झालं. मी तिचं पायताण शिवून देतो आणि म्हणतो, बघू. परवा तारीख म्हणता. परवा कुणी उभं राहिलं नाही तर जातोच आत, किती म्हणालात, सात वर्षं? छातीतून अजून रक्त पडतं म्हणता खोकताना. सात वर्षं नाही काढायचा मग तो. मलाही कळतं ते.

लागली होती हो.

लागली होती रापी. चैत्रातल्या त्या दुसऱ्या खेपेला, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या खाचेत, पुढच्या डाव्याच टायरात. मला हाताला कळलं, रबर कापताना रापी गिळल्यासारखी जाते, आणि मग एकदम खरखर लागली. वाकून बघितलं तर पांढरं सूत. एवढंसं, गव्हाच्या दाण्याएवढं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, जालमसिंग, हा टायर गेला, काढ. तो समोरच होता, हॉटेलात, मला हात करून बोलावत होता. मी काय केलं? दिव्याची काजळी खरवडली, पंक्चरच्या सोलुशनमध्ये कालवली आणि ते सूत बुजवलं. वरून कापडाच्या बोळ्यानं पुसलं, पुण्याला बुटाला पुसायचो तसं. कुणाला दिसलं नसतं. पुढे रोज नदीची रेती त्या खाचेत जात राहिली आणि आत कापत राहिली, महिनाभर. रोज सकाळी मोटार इथून सुटायची आणि मी त्या टायरकडे बघायचो, आणि संध्याकाळी परत आली की म्हणायचो, आली, म्हणजे काही होत नाही. हे मी आजपर्यंत कालीबाईलाही सांगितलं नाही. तुम्हाला का सांगितलं कुणास ठाऊक, तुम्ही काही बोलतच नाही, म्हणून असेल.

असं का बघताय?

काय, काल कोर्टात? काल काय झालं कोर्टात? … टायर आणला होता. मुद्देमाल, हो, तो आणणारच. … कुणी, सरकारी वकिलानं? चाकूनं खरवडली? … आणि काजळी निघाली. तुम्ही बघितलीत. तुम्हाला माहीत होतं मघापासून, आणि तुम्ही मला बोलू दिलंत.

त्याला दाखवली? … हातात दिला टायर, जालमसिंगच्या? त्यानं बघितलं काजळीखाली काय आहे ते? … किती वेळ? … मग? मग काय म्हणाला तो, ते सांगा ना, तोंडातल्या तोंडात काय —

मीच लावली म्हणाला.

काजळीही मीच लावली, असं म्हणाला.

… …

म्हणजे काल त्याला कळलं. मी कोठडीत काय बोललो ते त्याला काल कळलं, आणि तरी.

द्या ती चप्पल. नाही, माझ्याच हातात आहे होय. झालीय. एक टाका राहिलाय, राहू द्या, धुळ्यापर्यंत जाईल. पैसे नकोत. नको म्हटलं ना, ठेवा ते. नाही साहेब, मी येणार नाही. ऐकलंत तुम्ही, तुमच्या कानानं ऐकलंत, पण कोर्टात विचाराल तर मी म्हणेन हा माणूस माझ्याकडे अंगठा शिवायला आला होता आणि मी पुण्याच्या कारखान्याच्या गोष्टी सांगितल्या. नाही, बायकोपोरांचं कारण नाही. भीती? भीती आहे, असेल. पण ते सुद्धा नाही. त्याच्यासमोर उभं राहावं लागेल. तो पिंजऱ्यात आणि मी इकडे, आणि तो माझ्याकडे बघणार. सात वर्षांपेक्षा ते मला जड आहे, आता कळलं तुम्हाला मी कसा माणूस आहे ते? कळलं ना? मग झालं.

निरोप? नाही, निरोप काही नाही. मी भेटलो होतो हे सुद्धा सांगू नका त्याला.

उठा आता. तुमची मोटार लागलीय, कोळसा घालतायत बघा, ती दुसऱ्या कुणाची आहे, तिचे टायर मी केलेले नाहीत, बसा खुशाल. उठा हो, माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत. … कुणी नाही? येतील. तुम्ही त्या पोत्यावरून उठलात की येतील.